भुकेची राखण

बसस्टँडच्या वळणावर जयवंता दोनदा उभी होती. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, आणि दोघींच्या मधे एक पिवळा बाण. डावीच्या पायाखाली 'आधी' लिहिलं होतं, उजवीच्या पायाखाली 'नंतर'. हेमराजने स्कूटरचा ब्रेक दाबला तेव्हा मागून येणारा संत्र्यांचा टेम्पो शिव्या घालत बाजूने निघून गेला. त्या शिव्या त्याच्या कानापर्यंत पोचल्या नाहीत. मरून दीड वर्ष झालेली बायको सकाळी सव्वाआठ वाजता दहा फूट उंच होऊन चौकात भेटली तर काय करायचं असतं, हे माणसाला कोणी शिकवलेलं नसतं. त्याने हेल्मेट काढलं, मग पुन्हा घातलं. फ्लेक्सच्या खाली भाच्याच्या, कुणालच्या, दुकानाचं नाव होतं, मोबाइल नंबर होता, 'फक्त पाच महिन्यांत २४ किलो' असं होतं, आणि कोपऱ्यात एका बिनपानांच्या झुडपाचं चित्र होतं. बोटाएवढ्या हिरव्या, चौकोनी काड्या, टोकाला जांभळट फुलं. माकडशिंगी. त्या झुडपाच्या अर्काच्या गोळ्या कुणाल विकायचा. घेतल्या की भूक मरते आणि माणूस बारीक होतो, असं बाटलीवर छापलेलं असे. 'नंतर'मधली जयवंता पोपटी साडीत होती. तो फोटो हेमराजनेच काढलेला, जामसावळीला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देवळाबाहेरच्या नारळाच्या दुकानांपाशी. त्या आठवड्यात तिचं वजन अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम होतं. हे त्याला आठवावं लागत नसे. त्यानंतर ती अकरा आठवडे जगली.

हेमराज पांढुर्ण्याच्या मंडीत तुलावटी होता. माल काट्यावर चढला की आकडा पाहायचा आणि चारचौघांना ऐकू जाईल असा पुकारायचा, एवढंच काम. पण त्या पुकारण्यावर शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा, दोघांचाही विश्वास बसावा लागतो, आणि चौतीस वर्षांत हेमराजच्या आवाजावर कोणी शंका घेतली नव्हती. दांडीचा तराजू गेला, लाल आकड्यांचा काटा आला, तरी त्याचा डोळा काट्याच्या आधी बोलायचा. कापसाचा बोरा हमालाच्या पाठीवर असतानाच तो मनात म्हणायचा, एकेचाळीस, आणि काटा म्हणायचा एकेचाळीस दोनशे. हीच करामत तो माणसांवरही करायचा. लग्नात पंगती उठल्या की लोक त्याला गाठायचे, सांगा हेमराजभाऊ माझं किती, आणि तो पान चघळत, मान तिरपी करून, नवरदेवापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांची वजनं सांगायचा. अडीच वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात कोणी तरी म्हणालं, घरवालीचं सांगा, मग मानू. जयवंता बुंदीची परात घेऊन उभी होती. तो म्हणाला, "ब्याऐंशी. परात सोडून." आचाऱ्याचा धान्य तोलायचा काटा आणला गेला, तिला हाताला धरून वर चढवलं. ब्याऐंशी दोनशे. मांडव हसला. तीही हसली. हसताना तिने पदर पोटावरून ओढून घेतला, ते हेमराजला दिसलं. पण माणूस टाळ्यांच्या भरात असला की दिसलेलं सगळं मनावर घेत नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बुंदीची परात कायले सोडली? तेही धरायची होती." तो हसला होता. त्याला ती थट्टा वाटली होती.

त्या दिवाळीत कुणालने पहिली बाटली आणली. कुणाल हेमराजच्या बहिणीचा मुलगा. नागपूरला दोन-तीन धंदे करून, सगळीकडे हात पोळून परत आलेला. पांढुर्णा जिल्हा झाला, नवी ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर बसून काम करणारी माणसं आली, आणि बसणाऱ्यांची पोटं सुटतात हा कुणालचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. त्याने बसस्टँडजवळ दुकान टाकलं आणि पहिली गिऱ्हाईक म्हणून मामीला धरलं. जयवंताने चष्मा लावून बाटली डोळ्यांजवळ नेली आणि तिला हसूच आलं. "अवं माय, हे त आमची माकडशिंगी होय." तिचं माहेर सौंसरच्या पलीकडचं, खडकाळ माळाचं. मोहाची फुलं वेचायला बाया पहाटे निघायच्या त्या संध्याकाळीच परत यायच्या. वाटेत खडकाच्या फटीतून माकडशिंगीच्या दोन काड्या मोडून घ्यायच्या, मीठ लावून चावायच्या, की दिवसभर पोट गप्प. चव आंबट-कडू. ती लहान असताना तिने हौसेने एकदा ओंजळभर काड्या घरी आणल्या, तर आईने त्या हातातून घेऊन उकिरड्यावर फेकल्या होत्या. ज्या घरात भाकर थापली आहे त्या घरात माकडशिंगी आणायची नाही, असा तिच्या आईचा नियम होता. "आई म्हणे, भूक घराची राखण करते. राखणीच्या कुत्रीले निजवू नाही. मंग कोण आलं, कोण गेलं, समजत नाही." जयवंता हे सांगत होती आणि कुणाल मोबाइलवर बोटं फिरवत होता. तो म्हणाला, "मामी, आता भाकरीच लय झाल्या न लोकायच्या घरी." हेमराजला भाच्याचं बोलणं पटलं होतं. सासूचं म्हणणं त्याने जुन्या बायांच्या पोतडीत टाकून दिलं.

मग शनिवार सुरू झाले. दर शनिवारी संध्याकाळी कुणालच्या दुकानात जयवंता चपला काढून काट्यावर चढायची, कुणाल आकड्यांवर रुमाल टाकायचा, हेमराज आधी अंदाज सांगायचा आणि मग रुमाल उचलून मंडीतल्यासारखा पुकारा करायचा. पोत्याचं वजन वजा करतात तसा तो तिच्या बांगड्यांचा आणि मंगळसूत्राचा बारदाना वजा करायचा, त्यावर दुकानातल्या बाया हसायच्या. त्र्याऐंशी शंभरला सुरुवात झाली. पहिल्या पंधरवड्यात फारसं काही गेलं नाही. मग ऐंशी आठशे, एकोणऐंशी दोनशे, सत्त्याहत्तर नऊशे. संक्रांतीच्या आठवड्यात एकदम पावणेदोन किलो. लोक त्याच्या अंदाजासाठी येऊ लागले आणि जाताना बाटली घेऊन जाऊ लागले. कुणालने मामासाठी एक गादीचं स्टूल आणून ठेवलं. जयवंता म्हणायची, "मले भूकच नाही लागून राहिली. भाताचा वास आला का मळमळून येते." तो म्हणायचा, "औषध लागू झालं." ती म्हणायची, पाठीत भरून येतं, ओणवं बसलं की बरं वाटतं. तो म्हणायचा, चरबी जाते तेव्हा तसंच होतं. हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण चौतीस वर्षं आकडे पुकारणाऱ्या माणसाला आकडा बरोबर असला की त्यामागचं सगळंच बरोबर वाटू लागतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ती आवडू लागली होती. लग्नानंतर सव्वीस वर्षं तो रस्त्याने तिच्या चार पावलं पुढे चालत आला होता. त्या हिवाळ्यात तो तिच्या बरोबरीने चालू लागला. बाजारात एकदा त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं. पोपटी साडी त्यानेच आणली. नागपूरला दिलेली त्यांची मुलगी डिंपल व्हिडिओ कॉलवर म्हणाली होती, "आई, तू त माह्याहून लहान दिसून राहिली." जयवंता त्या वाक्यावर आठवडाभर जगली असेल.

चौकातून मंडीत पोचेपर्यंत दहा मिनिटांच्या रस्त्याला आज पाऊण तास लागला होता. कापूस आला होता. पिकअप गाड्या फाटकापर्यंत लागल्या होत्या, धुळीत सरकीचा तेलकट वास होता, हमाल घाई करत होते. हेमराज काट्यापाशी उभा राहिला. पहिले आठ-दहा बोरे नेहमीसारखे गेले. आज शनिवार आहे, हे त्याला नवव्या का दहाव्या बोऱ्याला आठवलं, आणि शनिवार म्हणजे पूनम मॅडम. जयवंता गेल्यावरही दुकानातला हेमराजचा शनिवारचा पुकारा थांबला नव्हता. पूनम सौंसरच्या शाळेत शिकवायची, रोज बसने जायची-यायची. पस्तीस-छत्तीस वय, दोन लहान मुलं. राखीच्या आसपास ती दुकानात पहिल्यांदा आली तेव्हा चौऱ्याहत्तर पाचशे होती. गेल्या शनिवारी एकसष्ट. कुणाल तिला 'आपली स्टार' म्हणायचा. हेमराजचा डोळा मात्र पाच शनिवारांपासून काही तरी दुसरंच पाहत होता. कापूस दोन तऱ्हांनी हलका होतो. एक म्हणजे उन्हाने ओल जाते, तेव्हा बोरा हलका होतो पण हाताला भरीव लागतो. दुसरं म्हणजे बोंडात अळी असते, तेव्हा सरकी आतून पोकळ होते आणि बोरा वरून तेवढाच दिसतो. काट्याला दोन्ही सारखेच. फरक फक्त उचलणाऱ्या हाताला कळतो, आणि चांगल्या तुलावटीला बोरा पाहूनही कळतो. पूनमच्या कानशिलांत खड्डे पडले होते. तिने घड्याळ मनगटावरून सरकवत कोपराच्या दिशेने नेलं होतं. वजन करायच्या आधी ती स्टुलावर बसायची, पुढे वाकून, एक मूठ पाठीला दाबून, आणि म्हणायची, बसच्या धक्क्यांनी पाठ धरली. पहिल्यांदा तिला तसं बसलेलं पाहिलं तेव्हा हेमराजला ओणवी बसलेली जयवंता आठवली होती. तरी त्याने अंदाज सांगितला, रुमाल उचलला आणि पुकारलं. पाच शनिवार त्याने तेच केलं. आणि मंडीत, त्या क्षणी, काट्यावर केशवरावांचा बोरा होता, आणि हेमराज पुकारला, "अठ्ठावन्न चारशे!"

केशवराव म्हातारे शेतकरी, सावरगावचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमार जत्रेत जाम नदीच्या पलीकडून पांढुर्ण्यावर गोटे मारण्यात तरुणपणी नाव काढलेले, पण काट्यापाशी सरळ माणूस. ते पुढे आले आणि त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "अडोतीस चारशे हाये, हेमराज. मले वीस किलो जास्तीचे नाही पाह्यजेत. काय होऊन राहिलं तुले?" भोवतीचे हमाल थांबले. व्यापाऱ्याचा माणूस हसला, मग हसू आवरलं. चौतीस वर्षांत पहिली चूक, आणि तीही अशी, की अख्ख्या मंडीत आपल्या मेलेल्या बायकोचं वजन पुकारलं. हेमराज म्हणाला, "डोळे दुखून राहिले." "पाह्यला मी फ्लेक्स," केशवराव हळूच म्हणाले. "बाई चांगली होती. तिले चौकात उभी करायची नव्हती, बापा." हेमराज नळाशी गेला, तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच उकिडवा बसून राहिला. फ्लेक्ससाठी परवानगी त्यानेच दिली होती. गेल्या वर्षी कुणालने फोटो मागितला तेव्हा तो 'घे' म्हणाला होता, कारण 'नको' म्हटलं असतं तर 'का' याचं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते उत्तर त्याने कोणालाही, पोटच्या पोरीलाही, दिलेलं नव्हतं.

मे महिन्यात ती पिवळी पडली तेव्हा तो तिला घेऊन नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला. डॉक्टर तरुण होता, कंटाळलेला. वजन केव्हापासून कमी होतंय, त्याने विचारलं. आणि हेमराजने, देवा, हेमराजने त्याला तेवीसच्या तेवीस शनिवार पाठ म्हणून दाखवले. त्र्याऐंशी शंभरपासून अठ्ठावन्न चारशेपर्यंत, एकही न अडखळता, आवाजात थोडा अभिमानही असेल. दहाव्या-बाराव्या आकड्याला डॉक्टरचं पेन थांबलं. सगळे आकडे संपेपर्यंत तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला एवढं सगळं माहीत होतं, तर तुम्ही आला का नाहीत?" हेमराजने गोळ्यांची गोष्ट सांगितली. डॉक्टरने जयवंताकडे पाहून विचारलं, "कोणत्या गोळ्या घेत होतात?" तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "त्या माकडशिंगीच्या." आज हेमराजला ती खाली गेलेली मान पुन्हा पुन्हा दिसते. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, पसरलेला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आषाढातल्या एका दुपारी, शेवटच्या दिवशी, तिला खाटेवरून उचलून रिक्षात ठेवायचं होतं, आणि हेमराजने तिला दोन्ही हातांवर घेतलं. त्याची इच्छा नसताना हातांनी आपलं काम केलं. एकेचाळीस. पुतणीच्या मांडवात लोकांनी विचारल्यावर डोळा बोलला होता, आता कोणी विचारलं नव्हतं तरी हात बोलले. रिक्षात तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. तिला काही सांगायचं होतं; ती म्हणाली, "कोठीतली ज्वारी पाहून घ्या." त्याला वाटलं, भ्रम झालाय. तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी त्याने ज्वारीच्या कोठीत हात घातला तेव्हा खाली, दाण्यांच्या तळाशी, पाच बाटल्या निघाल्या. एकीचं सील तोडलेलं होतं, त्यातल्या वीस-बावीस गोळ्या कमी होत्या. बाकी चार बाटल्यांची सीलं जशीच्या तशी होती.

म्हणजे तिने त्या पहिल्या आठ-दहा दिवसांतच बंद केल्या होत्या. पोटात आग होते, असं एकदा म्हणाली होती खरी. पुढचे चोवीस किलो गोळ्यांनी नेले नव्हते. ते आपोआप चालले होते, आणि ते आपोआप चाललेत हे या पृथ्वीवर एकट्या तिला माहीत होतं, आणि तिने सांगितलं नाही. का? हेमराज कोठीशी बसून दिवसभर हाच विचार करत होता, आणि उत्तर इतकं जवळ होतं की त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिने सांगितलं असतं तर तो पुन्हा चार पावलं पुढे चालू लागला असता. शनिवारी रुमाल उचलताना त्याचा चेहरा जसा उजळायचा तो तिने सव्वीस वर्षांत आपल्यासाठी कधी उजळलेला पाहिला नव्हता, आणि ती तो चेहरा विकत घेत होती, किलो-किलोने. तिला भीती वाटली नसेल का? रात्री कड बदलताना, पाठ धरून ओणवं बसताना, तिला आई आठवली नसेल? तिच्या घरची राखण करणारी कुत्री तर कोणी निजवली नव्हती. ती आपणच गप्प झाली होती, आणि सगळे म्हणत होते, गुणाची आहे, भुंकत नाही. हेमराज त्या दिवशी ढसाढसा रडला. आणि मग त्याने जे केलं ते आठवलं की त्याला अजून आपल्या हातांची किळस येते. फोडलेली बाटली त्याने जाम नदीत टाकली. बाकीच्या चार पुसून, पिशवीत घालून दुकानात नेल्या आणि कुणाल चहाला गेला असताना फळीवर मागच्या रांगेत ठेवून दिल्या. सील न फुटलेला माल फेकायचा नसतो. मंडीत वाढलेल्या माणसाला हे कोणी सांगावं लागत नाही. त्या चार बाटल्या कोणाकोणाच्या घरी गेल्या असतील, त्यातली एखादी सौंसरच्या बसमध्ये पूनम मॅडमच्या पिशवीत असेल का, हे तो मोजत बसायचा.

साडेपाचला तो दुकानात पोचला तेव्हा कुणाल फ्लेक्सचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकत होता. "मामा, पाह्यलं न? मामी कशी झकास दिसून राहिली. सकाळपासून अकरा फोन आले." हेमराज स्टुलावर बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "काढून टाक तो." कुणालने मान वर केली. तो वाईट मुलगा नव्हता. मामीच्या तिरडीला खांदा देताना तो लहान पोरासारखा रडला होता, दवाखान्याच्या खेपांना गाडी त्याचीच असायची. "मामा, तुम्हीच त हो म्हटलं होतं. अन् यात वाईट काय हाये? कॅन्सर अलग, वजन अलग. कॅन्सर काय गोळ्यायनं झाला?" "नाही." "मंग?" त्या 'मंग'पाशी हेमराज दीड वर्ष अडलेला होता. गोळ्यांनी मारलं असतं तर सांगणं सोपं होतं. बाटली कुणालच्या तोंडावर फेकून मारता आली असती. गोळ्यांनी काहीच केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते फळीवरच्या बाटलीने नाही, स्टुलावर बसणाऱ्या माणसाने. एवढ्यात सौंसरची बस स्टँडमध्ये वळली, आणि पाचेक मिनिटांत पूनम दारात उभी राहिली. मागे दोन-तीन बाया होत्या, शनिवारी अंदाज ऐकायला येणाऱ्या.

"बसमधूनच दिसल्या काकू," ती म्हणाली. "किती छान वाटलं, काका. माह्या नवऱ्याले फोनवर म्हटलं, पाहा, एक दिवस माहाही फोटो लागन तिथं." ती स्टुलावर टेकली, पुढे वाकली, मूठ पाठीशी नेली. तिच्या ब्लाउजच्या बाह्या दोन बोटं आत शिवून घेतलेल्या होत्या. कपाळावर, घामाच्या ओलीखाली, त्वचेचा रंग हेमराजला ओळखीचा वाटला. का तो दुकानातल्या ट्यूबलाइटचा रंग होता, त्याला खात्री करता येईना. आपण चुकत असू, त्याने स्वतःला सांगितलं. सकाळी अडोतीसचे अठ्ठावन्न केले, तसेच इथेही. पोरीला उगाच घाबरवायचं, कुणालचा धंदा बसवायचा, आणि मग सगळ्या गावाने विचारायचं, तुला काय माहीत. पाच शनिवार तो हेच स्वतःला सांगत आला होता. पूनम उठली, चपला काढून काट्यावर चढली. कुणालने आकड्यांवर रुमाल टाकला. "सांगा काका," ती म्हणाली. बाया थांबल्या. हेमराजने मान तिरपी केली नाही. तो सरळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मले नाही सांगता येत." कुणाल हसला. "मामा आज मूडमधी नाही." "पूनम मॅडम," हेमराज म्हणाला, "एक गोष्ट विचारतो. खरं सांगा. गोळ्या घेता का तुम्ही?"

तिने आधी कुणालकडे पाहिलं, मग खाली, आपल्या पावलांकडे. मान तशीच गेली, तेवढीच खाली. "रागवू नका, कुणालभाऊ," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासून बंद केल्या मी. पोटात आग व्हायची. बाटल्या घरी तशाच पडल्या हायेत. पण कमी त होऊनच राहिलं न. म्हटलं, एकदा सवय लागली असन शरीराले." ती ओशाळं हसली. "तुम्ही दर शनवारी एवढे खूश होता, काका. सांगायले जीव नाही झाला." हेमराज उभाच राहिला. त्या स्टुलावर त्याला आता बसायचंच नव्हतं. "भूक लागते?" "नाही." "भाताचा वास?" सहन होत नसल्यासारखी तिने मान हलवली, आणि मग वासाचं तर आपण यांना कधी सांगितलंच नव्हतं हे तिच्या लक्षात आलं, आणि तिचा हात आपोआप पाठीकडे गेला. "पोरी," हेमराज म्हणाला. त्याने तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. "माही बायको गोळ्यायनं बारीक नाही झाली. तिनंही बंदच केल्या होत्या. ज्वारीच्या कोठीत निघाल्या मले, सील न फोडलेल्या. ते मरून राहिली होती, अन् मी तिले तोलून राहिलो होतो." कुणाल म्हणाला, "मामा, काय बोलून राहिले तुम्ही?" "त्या चार बाटल्या मीच तुह्या फळीवर आणून ठेवल्या, कुणाल. इकल्या गेल्या त्या." तो पुन्हा पूनमकडे वळला. "तुम्ही उद्याच्या उद्या नागपूरले जा. मी येतो संगं. देव करो अन् काही न निघो. पण जा."

पूनम काट्यावरून उतरली नाही. ती शिक्षिका होती. वर्गात पोरगं खोटं बोललं की तिला कळत असेल, आणि कोण किती वेळ गप्प बसलं होतं हेही कळत असेल. तिने हेमराजकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांकडे, ज्या डोळ्यांची सगळ्या पांढुर्ण्याला खात्री होती. "काका," ती अगदी हळू म्हणाली, "तुमची नजर त चुकत नाही. मंग हे तुम्हाले आजच दिसलं?" मागच्या बायांतली एक दाराकडे सरकली. कुणाल आकड्यांवरचा रुमाल काढायला पुढे झाला आणि मधेच थांबला. हेमराजला 'हो' म्हणता आलं असतं. जयवंता आज सकाळी चौकात भेटली, म्हणून दिसलं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. "नाही," तो म्हणाला. "किती दिवस झाले?" पूनमने विचारलं. आणि हेमराजने सांगितलं, मंडीत पुकारतो तसं, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, कारण त्याला दुसऱ्या कोणत्या आवाजात खरं बोलता येतच नव्हतं.

"पाच शनिवार."